मॉन्युमेंट व्हॅली : चित्रीकरणस्थळ आणि त्याची वाणी

अमेरिकेत ॲरिझोना व युटा या राज्यांच्या सीमेवर, नवाहो जमातीच्या राखीव प्रदेशात, तांबड्या वालुकाश्माच्या सुळक्यांचे मॉन्युमेंट व्हॅली हे खोरे आहे. महामंदीने तेथील उपजीविका आटली, तेव्हा १९३८ साली हॅरी गोल्डिंग हा स्थानिक व्यापारी खोऱ्याची छायाचित्रे घेऊन हॉलीवुडला गेला. वॉल्टर वँगर या स्वतंत्र निर्मात्यासाठी जॉन फोर्ड त्या वेळी ‘स्टेजकोच’ची सिद्धता करीत होता. १९३९ च्या या चित्रपटाची काही बाह्यदृश्ये येथे घेण्यात आली. नवाहोंना रोजगार मिळाला.

या लाभाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. ‘स्टेजकोच’मध्ये नवाहो अपाचे झाले, ‘द सर्चर्स’मध्ये (१९५६) कोमांचे, तर ‘शायेन ऑटम’मध्ये (१९६४) शायेन. अपाचे भाषा नवाहोच्या कुलातील खरी. उरलेल्या दोन सर्वस्वी भिन्न कुलांतील होत. तथापि नवाहो भाषेतील बोलच शायेन म्हणून ऐकविले गेले. ‘सर्चर्स’मध्ये तर खोरेही टेक्सस ठरले. सारांश, भूमीस काम मिळाले, पण तिचे नाव व वाणी पडद्यावर आली नाही.

१९५८ साली नवाहोंनी या खोऱ्याचे जमातीय उद्यान केले. आज तेथील चित्रीकरणास त्यांच्या शासनाची अनुमती लागते. चित्रपटकारांना पाचारण करणे पुरेसे नसते; अटी कोणी ठरवावयाच्या, हा खरा प्रश्न होय.