शुक्राणूंतील रेणवीय चिन्हके

वीर्यतपासणीत दोष दिसत नसूनही गर्भधारणा होत नाही, अशा वेळी शुक्राणूंच्या डीएनए, आरएनए व प्रथिनांत शोधल्या जाणाऱ्या खुणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत मिलिलिटरमागे 1.6 कोटी शुक्राणू व 42 टक्के हालचाल ही किमान संदर्भमूल्ये आहेत. पण हे आकडे शुक्राणूच्या आत काय आहे ते सांगत नाहीत. शुक्राणू घडताना बहुतेक हिस्टोन प्रथिनांची जागा प्रोटामिन प्रथिने घेतात आणि डीएनए घट्ट गुंडाळला जातो. मानवात प्रोटामिन-1 व प्रोटामिन-2 जवळपास सारख्या प्रमाणात असतात. हे प्रमाण ढळले की डीएनए तुटण्याची शक्यता वाढते. पीएलसी-झीटा हे प्रथिन अंड्यात कॅल्शियमच्या लहरी उठवून ते कार्यान्वित करते. हे प्रथिन नसेल तर शुक्राणू थेट अंड्यात सोडूनही फलन फसू शकते.

या विषयातील एक प्रमुख संस्था म्हणजे परळची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था. तेथील संशोधकांनी 2012 मध्ये वारंवार गर्भपात झालेल्या जोडप्यांतील पुरुषांचे शुक्राणू तपासले. संख्येने सामान्य असलेल्या त्या शुक्राणूंत एच-19 जनुकाच्या नियंत्रक भागावरील मिथिलीकरण (डीएनएवरील रासायनिक खूण) कमी आढळले. तेव्हा दोष फक्त बाईतच शोधण्याची रीत शास्त्राला धरून नाही. मात्र डीएनए किती तुटला आहे ते पाहणारी डीएनए-खंडन चाचणी जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच पुस्तिकेनुसार सध्या विस्तारित तपासण्यांत मोडते, नेहमीच्या तपासणीत नव्हे.