संविधान बदलणे कुठे किती सोपे? अमेरिका, जर्मनी, स्वित्झर्लंड, ब्रिटन आणि भारत

निवडणूक जवळ आली की "संविधान बदलणार" आणि "संविधानाला कोणी हातही लावू शकत नाही" अशी दोन्ही वाक्ये आपल्या सभांमधून ऐकू येतात. दोन्ही अर्धवट आहेत. २०२३ च्या महिला आरक्षणापर्यंत भारतीय संविधानात १०६ दुरुस्त्या झाल्या आहेत, आणि तरीही त्याचा काही भाग संसदेच्या आवाक्याबाहेर आहे. कोणती तरतूद कोण आणि किती मतांनी बदलू शकतो, हे कार्यकर्त्यांना नेमके सांगता आले पाहिजे. इतर देशांशी तुलना केली की ते लवकर समजते.

अमेरिका

येथे दुरुस्तीसाठी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि त्यानंतर तीन चतुर्थांश राज्यांची, म्हणजे आज ५० पैकी ३८ राज्यांची मान्यता लागते. १७८९ पासून फक्त २७ दुरुस्त्या झाल्या. हे ऐकून आपल्यातले काही जण म्हणतात, आपलेही संविधान इतके कडक हवे होते. पण त्या कडकपणाने सुरुवातीला कोणाला संरक्षण दिले? दुरुस्तीची पद्धत सांगणाऱ्या पाचव्या कलमातच लिहिले होते की गुलामांच्या आयातीविषयीच्या तरतुदीला १८०८ पर्यंत दुरुस्तीने धक्का लावता येणार नाही. प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलाम माणूस तीन पंचमांश मोजला जाई. मत त्याला नव्हतेच. वाढीव जागांचा फायदा मालकांच्या राज्यांना मिळे.

हे बदलायला यादवी युद्ध व्हावे लागले. तेराव्या दुरुस्तीने (१८६५) गुलामगिरी संपवली, चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले, पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) वंशावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. आपल्या कलम १४ मधील "कायद्याचे समान संरक्षण" हे शब्द तिथूनच आले. तरीही दक्षिणेकडील राज्यांनी साक्षरता चाचणी, मतदान कर आणि उघड दहशत यांच्या जोरावर कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून दूर ठेवले. मताधिकार कायदा आला १९६५ साली. कलम लिहिल्यानंतर ९५ वर्षांनी.

जर्मनी

१९१९ चे वायमार संविधान त्या काळातील अत्यंत प्रगत संविधानांपैकी एक होते. २३ मार्च १९३३ रोजी त्याच संविधानात सांगितलेल्या दोन तृतीयांश बहुमताने हिटलरच्या सरकारला संसदेशिवाय कायदे करण्याचा अधिकार देणारा कायदा मंजूर झाला. कम्युनिस्ट सदस्यांना सभागृहाबाहेर ठेवले होते, आत नाझींचे गणवेशधारी उभे होते आणि विरोधात मते दिली ती फक्त सोशल डेमोक्रॅट सदस्यांनी. वायमार संविधान औपचारिकरीत्या रद्द करण्याची गरजही पडली नाही.

म्हणून १९४९ च्या मूलभूत कायद्यात पहिलेच कलम मानवी प्रतिष्ठेचे आहे, आणि कलम ७९(३) सांगते की प्रतिष्ठेचे तत्त्व, लोकशाही आणि संघराज्य यांना कोणतीही दुरुस्ती धक्का लावू शकत नाही. बाकी भागात साठाहून अधिक दुरुस्त्या झाल्या आहेत.

या जर्मन अनुभवाचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. फेब्रुवारी १९६५ मध्ये डिट्रिच कॉनराड या जर्मन अभ्यासकाने बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान दिले. दोन तृतीयांश बहुमत संविधानाचा गाभाच काढून टाकू शकते का, असा त्यांचा प्रश्न होता. तो युक्तिवाद गोलकनाथ खटल्यात (१९६७) सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला गेला आणि २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात मूलभूत संरचनेच्या सिद्धांताला रूप आले. फरक एवढाच की जर्मनीत ही मर्यादा कलमात लिहिलेली आहे, आपल्याकडे ती १३ न्यायाधीशांपैकी ७ जणांच्या बहुमताने ठरली. सात विरुद्ध सहा.

स्वित्झर्लंड

येथे एक लाख सह्या गोळा केल्या की नागरिक स्वतः घटनादुरुस्ती सुचवू शकतात. लोकांचे आणि कँटनांचे, असे दुहेरी बहुमत मिळाले की ती मंजूर होते. थेट लोकशाहीचे कौतुक करण्यापूर्वी दोन सार्वमते लक्षात ठेवावीत. स्त्रियांना राष्ट्रीय पातळीवर मत मिळाले १९७१ मध्ये, कारण तोवर निर्णय पुरुष मतदारांच्या हातात होता. आणि २००९ मध्ये सार्वमताने मशिदींच्या मिनारांवर बंदी घातली. अल्पसंख्याकांचे हक्क बहुसंख्याकांच्या मतावर सोडले की काय होते, याचे आणखी उदाहरण शोधायला नको.

ब्रिटन

एकसंध लिखित संविधान नाही. संसद साध्या बहुमताने काहीही बदलू शकते. आपल्याशी संबंधित उदाहरण जातीचेच आहे. समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचे बंधन २०१३ मध्ये संसदेने सरकारवर घातले. २०१८ मध्ये सरकारने ते न करता न्यायालयीन निकालांवर विसंबण्याचे जाहीर केले.

भारत

कलम ३६८ नुसार प्रत्येक सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मते लागतात. संघराज्याशी संबंधित तरतुदींसाठी किमान निम्म्या विधानसभांची मान्यताही लागते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी ही पद्धत जाणीवपूर्वक सुलभ ठेवल्याचे सांगितले आणि प्रत्येक पिढीला आपला निर्णय घेण्याचा हक्क आहे, या जेफरसनच्या विचाराचा दाखला दिला. दुरुस्ती म्हणजे नेहमी हल्लाच, असेही नाही. मद्रासमधील जातवार जागावाटप चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द झाल्यावर १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने कलम १५(४) आले. कायदामंत्री होते बाबासाहेब. (त्याच दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधही वाढवले, हेही सांगावे.)

काही गोष्टी तर दुरुस्तीशिवायच बदलतात. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. १९५६ ला धम्म स्वीकारलेल्यांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले, आणि तो बदल साध्या बहुमताच्या कायद्याने झाला. साध्या बहुमताने मिळालेले साध्या बहुमताने काढूनही घेता येते, म्हणून आपल्या तरुणांनी कलम ३६८ इतकेच लक्ष साध्या विधेयकांवरही ठेवावे.

"आरक्षण दहा वर्षांसाठीच होते" या दाव्याचे उत्तर कलम ३३४ मध्ये आहे. ती मुदत फक्त लोकसभा आणि विधानसभांमधील राखीव जागांना होती. शिक्षण आणि नोकरीच्या कलम १५(४) व १६(४) ला मुदत नाही. राजकीय राखीव जागांची सध्याची मुदत १०४ व्या दुरुस्तीने जानेवारी २०३० पर्यंत वाढवलेली आहे. ती पुढे न्यायची तर संसदेत पुन्हा दोन तृतीयांश मते लागतील आणि गेल्या वेळेप्रमाणे निम्म्या विधानसभांचे ठरावही.