पहिल्या चेंडूला ३१ मिनिटे बाकी

८ ऑगस्ट १९८९, मध्यरात्र उलटलेली

कॅलिफोर्नियात सान्ता क्रूझच्या डोंगरात लेक एल्समनजवळ ५.४ तीव्रतेचा धक्का बसतो. जून १९८८ मध्ये याच भागाला ५.३ चा बसून गेलेला असतो. येत्या पाच दिवसांत मोठा धक्का येऊ शकतो, अशी सूचना राज्य सरकार काढतं. पाच दिवस उलटतात, काही होत नाही. लोक पुन्हा बेसबॉलच्या गप्पांना लागतात, आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. हंगामच तसा चाललेला असतो.

त्याच महिन्याच्या २४ तारखेला पीट रोझ या बड्या खेळाडूवर सट्टा प्रकरणात कायमची बंदी येते. बंदी घालणारे कमिशनर बार्ट जियामाटी १ सप्टेंबरला हृदयविकाराने जातात आणि त्यांच्या खुर्चीवर फे व्हिन्सेंट बसतात. मैदानावर ओकलंड अॅथलेटिक्स सुसाट. यँकीजकडून जूनमध्ये परत आणलेला रिकी हेंडरसन, सोबत कॅनसेको आणि मॅग्वायर. साखळीत ९९ विजय. दुसऱ्या बाजूने सॅन फ्रान्सिस्को जायंट्स ९२ विजयांसह वर येतात. त्यांच्या केविन मिचेलचे एकट्याचे ४७ होमरन. दोन्ही शहरं एकाच खाडीच्या दोन काठांवर, मध्ये बे ब्रिज. जागतिक मालिकेत हेच दोघे समोरासमोर आल्यावर मालिकेचं बारसं आपोआप झालं: बे ब्रिज सिरीज.

शनिवार १४ आणि रविवार १५ ऑक्टोबर

दोन्ही सामने ओकलंडमध्ये. पहिल्यात डेव्ह स्ट्यूअर्ट जायंट्सना एकही धाव घेऊ देत नाही, ५-०. दुसरा ५-१. सातपैकी चार जिंकणाऱ्याची मालिका; ओकलंड अर्ध्या वाटेवर. जायंट्सची सगळी भिस्त आता घरच्या मैदानावर.

मंगळवार १७ ऑक्टोबर, दुपार

घरचं मैदान म्हणजे कँडलस्टिक पार्क. खाडीच्या काठावर १९६० मध्ये बांधलेलं, आणि वाऱ्यासाठी बदनाम. १९६१ मध्ये इथल्या ऑल-स्टार सामन्यात चेंडू टाकायच्या बेतात असलेला स्टू मिलर वाऱ्याच्या झोताने हलला आणि पंचांनी त्याची चूक धरली. आज मात्र वारा पडलेला. ऑक्टोबरच्या मानाने चांगलंच उबदार. तिथली जुनी माणसं असल्या हवेला भूकंपाची हवा म्हणतात. शास्त्राला हे मान्य नाही; जमिनीखाली अठरा किलोमीटरवरच्या खडकाला वरच्या हवेचं काय? पण म्हणणारे म्हणतातच.

दुपारी ४ च्या पुढे

खरी गोष्ट इथे घडते, आणि ती मैदानाबाहेर.

सामना सुरू व्हायची वेळ ५:३५. ही वेळ सॅन फ्रान्सिस्कोच्या सोयीची अजिबात नाही. ती न्यूयॉर्कच्या सोयीची आहे: तिकडे तेव्हा रात्रीचे ८:३५ होतात, जेवणं आटोपून माणसं टीव्हीपुढे बसतात आणि जाहिरातींना भाव येतो. इकडे मात्र कामाचा दिवस संपता संपता सामना. ज्यांच्याकडे तिकीट आहे ते मैदानाकडे निघालेत. ज्यांच्याकडे नाही ते कचेरीतून लवकर सटकलेत, नाहीतर कामाच्या जागीच टीव्ही लावून बसलेत. दोन्ही संघ घरचे, म्हटल्यावर साहेबही त्यांच्यातलाच.

परिणाम रस्त्यावर दिसतो. एरवी या वेळेला ओकलंडच्या पश्चिम भागातला सायप्रस, म्हणजे इंटरस्टेट ८८० चा दुमजली उड्डाणपूल, गाडीला गाडी लागून ठप्प असतो. आज तो सुटसुटीत वाहतोय.

या सायप्रसकडे जरा थांबून बघायला हवं. १९५७ मध्ये खुला झालेला. खाली खाडीचा मऊ गाळ. दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या वरच्या मजल्यावर, उत्तरेकडे जाणाऱ्या खालच्या. खांबात उभ्या सळया भरपूर. पण त्या सळयांना आवळून धरणाऱ्या आडव्या रिंगा विरळ, आणि वरचा खांब खालच्यावर जिथे बसतो त्या सांध्यात तर नावापुरत्या. खांब आडवा हलला की सांध्यातलं काँक्रीट फुटून बाहेर पडणार आणि सळया वाकणार. १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर हे अभियंत्यांना पुरतं कळलेलं होतं. १९७७ मध्ये पुलाचे तुकडे एकमेकांपासून निसटू नयेत म्हणून पोलादी दोर बांधले. खांबांना हात लावला नाही.

५:००

एबीसी वाहिनीचं थेट प्रक्षेपण सुरू. समालोचनाला अल मायकल्स, टिम मॅकार्व्हर, जिम पामर. मैदानात ६२ हजारांच्या आसपास माणसं.

५:०४

मॅकार्व्हर दुसऱ्या सामन्याच्या क्षणचित्रांवर बोलतोय. पडद्यावरचं चित्र थरथरतं. मायकल्स भूकंप हा शब्द उच्चारायला लागतो आणि तो पुरा व्हायच्या आत चित्र-आवाज दोन्ही जातात. भारतात तेव्हा १८ तारखेची पहाट, साडेपाच वाजून गेलेले.

तीव्रता ६.९. केंद्र लोमा प्रिएटा शिखराजवळ. हादरा जेमतेम पंधरा सेकंदांचा.

कँडलस्टिकचे गॅलऱ्यांचे कठडे डोलतात, पण मैदान उभं राहतं. हादरा थांबताच प्रेक्षक जल्लोष करतात! कॅलिफोर्नियाचा माणूस भूकंपाला इतका सरावलेला. जायंट्सची फलंदाजी येऊ द्या, मग खरा हादरा बघा, अशा अर्थाचा फलकही कुणीतरी तिथल्या तिथे रंगवतो.

त्याच पंधरा सेकंदांत सायप्रसच्या सांध्यांनी दम सोडलेला असतो. सुमारे दोन किलोमीटर लांबीचा वरचा मजला खालच्या मजल्यावर बसतो. ४२ माणसं मरतात, बहुतेक सगळी खालच्या मजल्यावरची. बे ब्रिजच्या वरच्या मजल्याचा पंधरा मीटरचा तुकडा खाली कोसळतो. तिथे एक बळी.

५:१० ते ५:३५

वीज गेलेली, ध्वनिक्षेपक मुके. बातमी पसरते ती ट्रान्झिस्टरवरून आणि हातातल्या चिमुकल्या टीव्हींवरून: पूल पडलाय. हसू मावळतं. खेळाडू आपापल्या बायकापोरांना गॅलरीतून मैदानावर आणतात. अंगात गणवेश आणि कडेवर मूल. अंधार पडायच्या आत मैदान रिकामं करा, असा पोलिसांचा आग्रह. व्हिन्सेंट सामना पुढे ढकलतात. घोषणा होते पोलिसांच्या गाडीवरच्या कर्ण्यावरून. चेंगराचेंगरी होत नाही. हजारो माणसं रांगेने बाहेर पडतात.

पहिला चेंडू ज्या मिनिटाला पडायचा, त्या मिनिटाला पश्चिम ओकलंडमधले रहिवासी आणि आसपासच्या कारखान्यांतले कामगार शिड्या, दोर, फोर्कलिफ्ट, मिळेल ते घेऊन सायप्रसवर चढलेले असतात. सरकारी यंत्रणा नीट उभी राहायच्या आधी हे लोक फटीफटींतून माणसं ओढून काढतात. पुलाने ज्यांची वस्ती मधोमध चिरली होती तेच हे लोक, बहुतांश कृष्णवर्णीय. एवढं नोंदवायलाच हवं.

संध्याकाळ ते रात्र

सॅन फ्रान्सिस्कोचा मरीना भाग १९१५ च्या प्रदर्शनासाठी घातलेल्या भरावावर वसलेला. हादऱ्याने भरावातली ओली वाळू पातळ झाली, घरं खचली, जमिनीखालचे गॅसचे आणि पाण्याचे नळ एकाच वेळी फुटले. आग आहे आणि बंबांना पाणी नाही. शेवटी ‘फिनिक्स’ ही अग्निशमन नौका खाडीचं पाणी उपसून किनाऱ्यावर पाठवते, तेव्हा आग आटोक्यात येते. शहर रात्रभर अंधारात.

सायप्रसवरच्या बळींचे पहिले अंदाज दोनशेच्या वर. हिशेब रोजच्या गर्दीचा धरलेला. गाड्या मोजत गेले तसतसा आकडा उतरत गेला, कारण त्या दिवशी तिथे रोजची गर्दीच नव्हती. शनिवारी, ९० तासांनंतर, ढिगाऱ्यातून एक माणूस जिवंत निघाला. महिनाभराने तोही गेला. भूकंपाचे एकूण बळी ६३.

जाहिरातदारांसाठी ठरवलेल्या वेळेने माणसं वाचवली, हे मान्य करावं लागतं, मग बेसबॉलच्या बाजारूपणाला आपण कितीही नाकं मुरडू. पण त्यात कुणाची हुशारी नव्हती. सामना आदल्या दिवशी असता, तर?

२७ आणि २८ ऑक्टोबर

दहा दिवसांनी मालिका पुढे सुरू. मधल्या काळात डेव्ह स्ट्यूअर्ट, जो मूळचा ओकलंडचाच, कोसळलेल्या पुलापाशी जाऊन आला होता. पहिला मानाचा चेंडू बचावकार्यातल्या लोकांनी टाकला. ओकलंडने १३-७ आणि ९-६ अशी मालिका ४-० ने मारली. स्ट्यूअर्ट सर्वोत्तम खेळाडू. जिंकल्यावर शँपेनच्या बाटल्या फोडल्या नाहीत. खेळ म्हणून बघितलं तर मालिका एकतर्फी आणि रटाळच झाली.

पुढे

अभियंते जॉर्ज हाउझनर यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाचा अहवाल १९९० मध्ये आला. सायप्रसच्या खांबांतली उणीव या व्यवसायाला आधीपासून ठाऊक होती, हे त्यात आलं. त्यानंतर राज्यातल्या पुलांच्या खांबांना पोलादी कवचं चढवण्याचं काम जोरात निघालं. सायप्रस मात्र त्या जागी पुन्हा बांधला नाही. वस्तीला वळसा घालून रेल्वे यार्डांच्या बाजूने जाणारा ८८० चा नवा मार्ग १९९७ मध्ये खुला झाला. जुन्या पुलाच्या जागी आता झाडांचा रस्ता आहे. त्याला नेल्सन मंडेलांचं नाव दिलं आहे.