सेल्फ-रेझिंग पीठ

सेल्फ-रेझिंग पीठ म्हणजे फुगवण्यासाठी लागणारे घटक आधीच मिसळलेले गव्हाचे पीठ होय. ब्रिटनमध्ये केक, स्कोन इत्यादी पदार्थांसाठी ते सर्रास वापरले जाते. जर्मनी, भारत यांसारख्या देशांत ते सहजासहजी मिळत नाही; त्यामुळे ब्रिटनमधून तेथे राहावयास गेलेल्यांना ते बहुधा घरीच तयार करावे लागते.

इतिहास

ब्रिस्टल येथील बेकर हेन्री जोन्स यांनी १८४५ साली या पिठाचे पेटंट घेतले. खलाशांना सागरी प्रवासात कडक बिस्किटांऐवजी ताजा पाव मिळावा, हा त्यांचा एक हेतू होता. पिठातील सोडा व आम्ल यांची ओलाव्यात अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो आणि यीस्टविना पीठ फुगते.

पर्याय

भारतात १५० ग्रॅम मैद्यात सुमारे दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर मिसळून, चाळून हे पीठ तयार करता येते. जर्मनीत मैद्याच्या जागी 'टाइप ४०५' हे पीठ चालते. हा आकडा पिठातील खनिजांचे प्रमाण दर्शवतो. आकडा जितका कमी, तितके पीठ अधिक पांढरे. तेथे बेकिंग पावडरला 'बाकपुल्व्हर', तर खाण्याच्या सोड्याला 'नाट्रोन' म्हणतात. या दोहोंची अदलाबदल करता येत नाही. दही, ताक यांसारखा आंबट पदार्थ नसल्यास नुसत्या सोड्याने केक नीट फुगत नाही व त्याला साबणासारखी चव येते. अमेरिकेतील सेल्फ-रेझिंग पिठात मीठही असते; ते वापरताना कृतीतील मीठ कमी करावे लागते.