खवट झालेलं यकृत ओळखायचं कसं?

मंडळी, विषय शस्त्रक्रियेचा असला तरी सुरुवात स्वयंपाकघरातून करू. शेंगदाण्याचं कूट फार दिवस उघडं राहिलं की खवट होतं. हवेतला ऑक्सिजन तेलाचे रेणू तोडतो, म्हणून तो वास येतो. प्रत्यारोपणासाठी काढलेल्या चरबीयुक्त यकृतात जे घडतं, त्याचं रसायनशास्त्र याच जातीचं आहे. फक्त, यकृताचा वास घेऊन काही कळत नाही.

1 मार्च 1963 रोजी डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झल यांनी माणसावर यकृत प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला. तीन वर्षांचा तो मुलगा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गेला. वर्षाहून जास्त जगलेला रुग्ण पाहायला 1967 उजाडलं. काढलेलं यकृत थंड ठेवायचं आणि घाई करायची, एवढंच तेव्हा हातात होतं.

नुकसान रक्त तुटल्यामुळे होतं, असं सगळे धरून चालले होते. पण 1969 मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड नष्ट करणारं विकर शोधलं. म्हणजे ऑक्सिजनची घातक रूपं शरीरात तयार होतात तर! 1981 मध्ये ग्रेंजर, मॅककॉर्ड आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या आतड्यावर दाखवलं, की रक्तपुरवठा तोडून पुन्हा सुरू केला की इजेमागे हेच सुपरऑक्साइड असतं. तहानलेल्याला पाणी द्यावं आणि पाण्यानंच घात करावा, तसं हे. 1980 च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये बेल्झर आणि साउदार्ड यांनी अवयव जपण्याचं द्रावण बनवलं. त्यात ग्लुटाथायोन आणि ॲलोप्युरिनॉल आहेत ते याच शत्रूसाठी.

आता चरबीकडे येऊ. चरबीनं फुगलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्या दाबतात, आणि जळायला इंधनही तयारच असतं. शल्यविशारद यकृताचा रंग बघतात, कडा दाबून पाहतात, तुकडा गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. मोठे थेंब 30 टक्क्यांच्या वर गेले की चिंता, 60 च्या वर सहसा नकार. पण लक्षात घ्या, यातून चरबी किती ते कळतं. इजा किती, ते नाही!

प्रयोगशाळेकडे एक जुनी चाचणी होती. थायोबार्बिट्युरिक आम्ल घातलं की तुटलेल्या चरबीतलं मॅलॉनडायअल्डिहाइड गुलाबी रंग देतं. मांस खवट झालंय का, तेही असंच तपासतात. अडचण अशी, की साखर आणि पित्तातला बिलिरुबिनसुद्धा या चाचणीत लुडबुड करतात. यकृताच्या बाबतीत ही भलतीच पंचाईत.

2014 मध्ये केंब्रिजच्या मायकेल मर्फी यांच्या गटानं मूळ दाखवलं. रक्त बंद असताना पेशींत सक्सिनेट साचतं; ऑक्सिजन परतताच ते झपाट्यानं जळतं आणि मायटोकॉन्ड्रियाच्या पहिल्या संकुलातून सुपरऑक्साइड उसळतं. याच संकुलात फ्लेविन मोनोन्यूक्लिओटाइड नावाचा रेणू असतो. संकुलाला इजा झाली की तो सुटून बाहेर येतो, आणि निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो. झुरिकच्या गटानं 2019 मध्ये यंत्रावर थंड, ऑक्सिजनयुक्त द्रावण फिरवत असताना ही चमक मोजली. तुकडा कापायला नको, आणि उत्तर शस्त्रक्रियेच्या आधी.

एवढा खटाटोप कशासाठी? बर्मिंगहॅमच्या 2020 च्या अभ्यासात सर्व ब्रिटिश केंद्रांनी नाकारलेली 31 यकृतं शरीराच्या तापमानाला यंत्रावर तपासली गेली. तिथं मुख्य भिस्त लॅक्टेटवर होती. त्यातली 22 वापरता आली आणि 90 दिवसांनी सर्व 22 रुग्ण जिवंत होते. मात्र पुढे चौघांच्या पित्तनलिका अरुंद झाल्या आणि पुन्हा प्रत्यारोपण करावं लागलं.

म्हणजे चूक दोन्हीकडून होते. चांगलं यकृत फेकलं तर यादीतला माणूस वाट बघत मरतो. वाईट बसवलं तर टेबलावरचा. पहिल्या मृत्यूची नोंद कुठल्याही ऑपरेशनच्या खात्यात पडत नाही, म्हणून तो आपल्याला दिसत नाही. मोजमापाच्या या इतिहासाकडे आपण बघायचं ते त्या न दिसणाऱ्या माणसासाठी.