ब्लॉक झालेल्याला पोस्ट दिसाव्यात का?

नकोशा माणसाचे लिखाण नजरेआड करण्याची सोय समाजमाध्यमांहून जुनी आहे. युजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चामंचावरचा मजकूर वाचण्यासाठी लॅरी वॉल यांनी 1984 मध्ये ‘आरएन’ हा प्रोग्रॅम आणला. त्यातल्या ‘किल फाइल’मुळे नको असलेला मजकूर वाचकापुढे येतच नसे. समोरच्याच्या वाचण्यावर मात्र तिचा काहीच परिणाम होत नसे.

ट्विटरचा ब्लॉक याच्या पुढे गेला. ब्लॉक झालेल्याला फॉलो करता येत नसे. 12 डिसेंबर 2013 रोजी कंपनीने हा नियम सैल केला: ब्लॉक झालेला माणूस फॉलो करू शकेल, उत्तरही देऊ शकेल, फक्त ब्लॉक करणाऱ्याला ते दिसणार नाही. आपल्याला ब्लॉक केल्याचे कळले की काही जण सूड उगवतात, हे त्यामागचे कारण. पण छळ सोसणाऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, इतका विरोध केला की त्याच दिवशी बदल मागे घ्यावा लागला. मे 2014 मध्ये ‘म्यूट’ हे वेगळे बटण आले. ‘मला तू दिसायला नकोस’ आणि ‘तुला मी दिसायला नको’ या दोन मागण्या तेव्हा कुठे वेगळ्या झाल्या.

तरीही पळवाट राहिलीच. सार्वजनिक खात्याच्या पोस्ट लॉगआउट करून ब्राउझरमध्ये उघडल्या की ब्लॉक झालेल्यालाही दिसत. ही पळवाट पुढे अमेरिकेच्या न्यायालयात चर्चेला आली. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी टीका करणाऱ्यांना ब्लॉक केले, तेव्हा त्यांपैकी सात जण आणि कोलंबिया विद्यापीठातील नाइट इन्स्टिट्यूट यांनी जुलै 2017 मध्ये दावा लावला. लॉगआउट करून पोस्ट वाचता येतात, हे दोन्ही पक्षांना मान्य होते. मात्र चर्चेत थेट भाग घेता येत नाही आणि आडवाटेने जावे लागणे हाच अभिव्यक्तीवरचा भार आहे, असे अपील न्यायालयाने जुलै 2019 मध्ये ठरवले. ट्रम्प यांची मुदत संपल्यावर, एप्रिल 2021 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्दबातल केला. खरा निकष मार्च 2024 मध्ये लिंडके विरुद्ध फ्रीड या खटल्यात मिळाला: अधिकाऱ्याला शासनाच्या वतीने बोलण्याचा प्रत्यक्ष अधिकार असेल आणि त्या पोस्टमध्ये तो तोच अधिकार वापरत असेल, तरच त्याचे ब्लॉक करणे हे सरकारी कृत्य ठरते. हा भेद योग्यच आहे. सत्तेवरचा माणूस आणि छळाला कंटाळलेली व्यक्ती यांना एकच माप लावता येत नाही.

इलॉन मस्क यांच्या हाती कंपनी गेल्यावर जून 2023 च्या अखेरीस लॉगइनशिवाय वाचणे बंद झाले. पुढे ते थोडे सैल झाले. नोव्हेंबर 2024 पासून एक्सने (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरने) उलट दार उघडले. ब्लॉक झालेल्याला आता सार्वजनिक पोस्ट दिसतात; लाइक, उत्तर किंवा रीपोस्ट करता येत नाही. दुसऱ्या खात्यावरून त्या दिसतच होत्या, शिवाय आपल्याबद्दल कोणी खोडसाळ लिहीत असेल तर ते कळायला हवे, अशी बाजू कंपनीने मांडली. पहिला मुद्दा लंगडा आहे. पाळतीवर असलेला माणूस दुसरे खाते काढतो हे खरे. पण रागाच्या भरात प्रोफाइल उघडणारा अनेकदा तेवढ्या कष्टावरच थांबतो, आणि तोच अडसर कंपनीने काढला. बदलाची घोषणा ऑक्टोबरमध्ये होताच ब्लूस्काय या स्पर्धक समाजमाध्यमावर एका दिवसात 5 लाखांवर नवी खाती उघडली गेली.

एक्सवर आज खात्रीचा उपाय एकच उरला आहे: खाते प्रोटेक्टेड करणे. मग पोस्ट फक्त मान्यता दिलेल्या फॉलोअरनाच दिसतात.