कॅम्पाची बाटली

गेल्या रमजानात इफ्तारच्या दस्तरख्वानावर कुणीतरी कॅम्पाची बाटली आणून ठेवली. भाचा म्हणाला, "मामू, नवी कंपनी आहे ही." त्याचे दादाजान नुसते हसले. नवी कसली!

१९७३ च्या 'फेरा' कायद्याने परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना कोका-कोलाने पेयाचं गुपित द्यायला नकार दिला आणि गाशा गुंडाळला. आपण ही गोष्ट नेहमी एवढीच सांगतो. एक मंत्री, एक गुपित, एक कंपनी.

पण बाटल्या भरायचं काम देशी मालकांच्या कारखान्यांत चालायचं. कंपनीकडून फक्त अर्क यायचा. साखर, पाणी, गॅस इथलाच. परत आलेल्या काचेच्या बाटल्या धुणं, उजेडासमोर धरून तपासणं, क्रेट गाडीत चढवणं, हे सगळं माणसं करत. अर्क थांबला की यंत्रं, गाड्या, माणसं जागच्या जागी असूनही कारखाना ठप्प! सरकारने मॉडर्न बेकरीजमार्फत 'डबल सेव्हन' काढलं. त्याचा अर्क म्हैसूरच्या सरकारी अन्नसंशोधन संस्थेने तयार केला होता. ते चाललं नाही. रिकाम्या जागेत खरा जम बसला तो पार्लेच्या थम्स अपचा, आणि कोका-कोलाच्याच जुन्या बाटलीवाल्यांनी, म्हणजे प्युअर ड्रिंक्सने, काढलेल्या कॅम्पा कोलाचा. म्हणजे १९७७ ची झळ बऱ्याच अंशी निभावली.

१९९३ ची निभावली नाही, असं माझं मत आहे. कोका-कोला परतली, तिने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट विकत घेतले; गोल्ड स्पॉट तर पुढे बंदच केला. दोन अमेरिकन कंपन्यांच्या जाहिरातींपुढे कॅम्पा टिकला नाही, त्याचे कारखाने थंडावले. तेव्हा कुणी मंत्री आडवा आला नाही.

मुंबईत वरळीला प्युअर ड्रिंक्सकडे पालिकेची भाड्याची जमीन होती. तिथे ऐंशीच्या दशकात इमारती उभ्या राहिल्या आणि वरचे मजले बेकायदा ठरले. २०१३-१४ मध्ये टीव्हीवर रोज 'कॅम्पा कोला कंपाउंड' ऐकू यायचं. घरं जाणाऱ्यांचं दुःख खरंच होतं. पण ते नाव ज्यांच्या घामातून आलं, त्यांची चौकशी एकाही बातमीत माझ्या कानावर आली नाही.

२०२२ मध्ये रिलायन्सने कॅम्पा घेतला. भाच्याची बाटली प्लॅस्टिकची होती. संपल्यावर त्याने ती कचऱ्यात टाकली.